फळीवरचा भाव आणि बिलातला भाव

महिन्याचे सामान घेऊन मोठ्या दुकानातून परतलेल्या गृहिणीला आज काय आणले असे विचारले, तर ती यादी सांगेल. किती रुपयांचे आणले, हेही सांगेल. परंतु फळीवरच्या चिठ्ठीवर जो भाव वाचून वस्तू उचलली, त्याच भावाने ती बिलात उतरली का, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. हातभर लांबीचे बिल, त्यावर आखडून छापलेली नावे, फिकट शाई, मागे उभी असलेली रांग आणि दोन्ही हातांत पिशव्या. अशा वेळी ओळ न् ओळ वाचणार कोण?

तक्रारी ऐकू गेल्या तर त्यांचे प्रकार जवळजवळ ठरलेले आढळतात. फळीवर ‘एकावर एक मोफत’ अशी पाटी असते आणि बिलात दोन्हींचे पैसे लागतात. तुपाच्या बरणीवर सवलत असते, पण ती अर्ध्या लिटरच्या बरणीला. तिला चिकटून ठेवलेल्या एक लिटरच्या बरणीला नाही. रविवारी संपलेल्या योजनेची पाटी मंगळवारीही जागची हललेली नसते. नको म्हणून बाजूला ठेवलेली साबणाची वडी बिलात राहून जाते. एकच पुडा यंत्रापुढून दोनदा सरकतो. न मागितलेली पिशवी शेवटच्या ओळीत तीन-चार रुपयांनी उपस्थित असते.

यांतील कोणतीही रक्कम मोठी नसते. चार रुपये, अकरा रुपये, फार तर पन्नास. म्हणून हा विषय घरात हसण्यावारी जातो. आपला समाज मात्र व्यापाऱ्यांचा आहे आणि चार रुपयांचे मोल आपल्याला शिकवावे लागत नाही. रोजमेळात चार रुपयांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत पेढीवरचा दिवा मालवला जात नसे, हे आपल्यातील अनेकांनी वडिलांच्या काळी पाहिले आहे. फरक राहिलेला हिशेब खोटा, मग तो चाराचा असो वा चार हजारांचा, ही शिस्त आपल्या घरांत धर्माइतकीच मुरलेली होती. तीच शिस्त लावून या विषयाकडे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. आपण या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपल्या घरातील स्त्रिया, वृद्ध आणि मुले या दुकानांतून माल घेतात. आणि आपल्यातीलच अनेक कुटुंबांनी जुन्या किराणा दुकानाची भिंत पाडून, मांडण्या लावून, संगणकावर बिले करणारी अशीच दुकाने उभी केली आहेत.

भाव पट्ट्यांत नसतो

पुड्यावरच्या काळ्या उभ्या पट्ट्यांत भाव लिहिलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावी २६ जून १९७४ रोजी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट यंत्रापुढे धरले गेले आणि तेथून बारकोडवरची विक्री सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत त्या पट्ट्या केवळ एक क्रमांक सांगतात. भारतातील संस्थेकडून घेतलेल्या क्रमांकांचा आरंभ ८९० या आकड्यांनी होतो. पुढचे आकडे कंपनी आणि वस्तू ओळखण्यासाठी असतात. भाव असतो तो दुकानाच्या संगणकात. यंत्र क्रमांक वाचते, संगणकातील यादीत तो शोधते आणि त्यासमोर जो आकडा कोणी भरून ठेवला असेल तो बिलात उतरवते.

म्हणजे एका वस्तूचा भाव दुकानात तीन ठिकाणी राहतो: पुड्यावर छापलेला, फळीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेला आणि संगणकात भरलेला. हे तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या हातचे आहेत. पुडा कारखान्यात छापला जातो. संगणकातील यादी कार्यालयात बसलेला माणूस, बहुधा रात्री, बदलतो. फळीवरची चिठ्ठी सकाळी दुकान उघडताना एखादा मुलगा हाताने बदलतो. शेकडो वस्तूंच्या योजना एकाच दिवशी सुरू होतात आणि एकाच दिवशी संपतात, तेव्हा यांपैकी एक जण मागे पडला की ग्राहकाला एक भाव दिसतो आणि दुसरा लागतो.

आपल्या देशात या गोंधळाला आणखी एक कारण आहे. कंपनीने किंमत बदलली तरी पुष्कळदा पट्ट्यांचा क्रमांक तोच राहतो. त्यामुळे एकाच फळीवर जुन्या छापील किमतीचा आणि नव्या छापील किमतीचा माल शेजारी शेजारी असतो आणि दोन्हींचा क्रमांक एक. अशा वेळी पडद्यावर दोन किमती उमटतात आणि बिल करणाऱ्याने पुडा उलटून, छापील किंमत वाचून, योग्य ती निवडावी अशी अपेक्षा असते. रांग वाढलेली असली की पुडा उलटला जात नाही. वरची ओळ निवडली जाते. जुना पुडा नव्या भावाने विकला गेला, तर ती छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी होते आणि कायद्याने तो गुन्हा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहिला. तूप आणि लोण्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. टूथपेस्ट, साबणाची वडी, शाम्पू, केसांचे तेल यांवरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. दुकानांत पडून असलेल्या पुड्यांवर मात्र जुनी किंमत छापलेली होती. कर कमी झाल्याचा लाभ ग्राहकाला मिळणे हे सर्वस्वी संगणकातील यादी वेळेवर बदलण्यावर अवलंबून राहिले. ज्याने केवळ छापील किंमत पाहून बिल बरोबर आहे असे मानले, त्याला आपले काही गेले हे कळण्याचा मार्गच नव्हता.

अशा चुका किती होतात? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९८ साली तेथील दुकानांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा तपासलेल्या सुमारे ३० वस्तूंमागे एका वस्तूचा भाव चुकलेला आढळला. त्यांत काही चुका ग्राहकाच्या विरुद्ध होत्या, तर काही दुकानदाराच्या. ही दुसरी बाजू आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

सवलत कशापासून मोजायची?

बिलातील चूक ही बहुधा निष्काळजीपणाची असते. सवलतीची पाटी मात्र विचारपूर्वक लिहिलेली असते, म्हणून तिचा विचार वेगळा करावा लागतो.

‘४० टक्के सूट’ असे वाचले की मनात पहिला प्रश्न यायला हवा: कशावर? आपल्याकडे ही सूट बहुधा छापील कमाल किरकोळ किमतीवर, म्हणजे एमआरपीवर दाखवतात. ती किंमत उत्पादक ठरवतो. सर्व करांसह किंमत छापण्याची सक्ती १९९० च्या सुमारास आली, तिचा हेतू दुकानदाराने त्याहून जास्त घेऊ नये एवढाच होता. ती वरची मर्यादा आहे. काल ही वस्तू याच दुकानात कितीला मिळत होती, हे ती सांगत नाही. ज्या पुड्यावर १०० रुपये छापलेले आहेत आणि जो वर्षभर ७० रुपयांनाच विकला जातो, त्यावर ‘३० टक्के सूट’ असे लिहिणे शब्दशः खरे असते आणि तरीही ग्राहकाच्या मनात खोटी समजूत उत्पन्न करते. सत्यव्रताचा विचार करणाऱ्या वाचकांना येथे थांबून विचार करावासा वाटेल.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. युरोपीय संघाने २०२२ च्या मे महिन्यापासून असा नियम लागू केला, की भाव कमी केल्याची जाहिरात करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी भाव ग्राहकाला सांगितला पाहिजे. जर्मनीतील एका सुपरमार्केट साखळीने केळी आणि अननस यांच्या सवलतीत हा जुना भाव बारीक अक्षरांत छापला, परंतु टक्केवारी मात्र वेगळ्याच, चढ्या भावावरून काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की टक्केवारीसुद्धा त्या सर्वांत कमी भावावरूनच काढली पाहिजे. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने तेथील दोन सर्वांत मोठ्या सुपरमार्केट कंपन्यांवर दावे दाखल केले. नेहमीचा भाव थोड्या काळापुरता चढवायचा आणि मग ‘भाव उतरला’ अशी पाटी लावून पूर्वीइतक्याच किंवा पूर्वीपेक्षा जास्त भावाने विकायचे, असा त्यांच्यावरचा आरोप होता.

आपल्या देशातही या विषयावर विचार झालेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या करताना, जो माल वाजवी मुदतीत आणि वाजवी प्रमाणात सवलतीने विकायचाच नाही त्याची सवलतीची जाहिरात करणे, तसेच भावाविषयी लोकांची दिशाभूल करणे, यांचा स्पष्ट समावेश आहे. त्याच्याही आधी, जानेवारी २०१७ मध्ये, राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. कपड्यांवर ‘सरसकट ४० टक्के सूट’ जाहीर करून बिलात सवलतीच्या रकमेवर पुन्हा कर लावण्यात आला होता. छापील किमतीत सर्व कर धरलेले असताना सूट दिल्यावर वेगळा कर घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे आयोगाने म्हटले. आणि २०१९ साली चंडीगडच्या ग्राहक मंचाने पादत्राणांच्या एका कंपनीला कागदी पिशवीचे ३ रुपये ग्राहकाकडून घेतल्याबद्दल एकंदर ९ हजार रुपये भरण्यास सांगितले. तीन रुपयांसाठी मंचाकडे जाणाऱ्या त्या ग्राहकाला त्याच्या शेजाऱ्यांनी हट्टी म्हटले असेल. पण त्याच्यामागून देशभर अनेक दुकानदारांना पिशवीच्या ओळीचा पुन्हा विचार करावा लागला.

मोठा पुडा स्वस्त, हा दुसरा समज. समजा, ४०० ग्रॅमचा पुडा ८४ रुपयांना आहे आणि ‘बचत पॅक’ असे लिहिलेला एक किलोचा पुडा २२० रुपयांना. पहिला १०० ग्रॅमला २१ रुपये पडतो, दुसरा २२. बचत झाली ती कोणाची? हे गणित ग्राहकाला उभ्या उभ्या करता यावे, म्हणून २०२१ च्या दुरुस्तीने आवेष्टित वस्तूंवर एकक विक्री किंमत छापण्याचा नियम आला. एक किलोपेक्षा कमी मालावर ग्रॅममागे, त्याहून जास्त असेल तर किलोमागे किती पडते, ते पुड्यावरच लिहिलेले असते. अक्षरे लहान असतात; पण भाव ताडून पाहण्यासाठी त्या आकड्याइतका प्रामाणिक मित्र पुड्यावर दुसरा नाही.

‘एकावर एक’ घेताना मुदतही पाहावी. मुदत संपत आलेला माल काढून टाकण्याचा हा रूढ मार्ग आहे. आपल्या घरांत पिठाची आणि मसाल्यांची कालमर्यादा पाळली जाते; ती उलटली तर वस्तू अभक्ष्य मानून बाहेर जाते. मग मोफत मिळालेला पुडा घरात येऊन वाया गेला, तर बचत कोठे राहिली? आणि गरज नसताना केवळ सूट आहे म्हणून कोठीत भर टाकणे हे परिग्रह-परिमाणाशी कितपत जुळते, याचाही विचार ज्याने त्याने करावा.

गप्प राहणारे कोण?

चूक लक्षात आली तरी बहुतेक लोक बोलत नाहीत. मागच्या माणसाचा खोळंबा होतो, चारचौघांत चार रुपयांसाठी वाद घातल्यासारखे दिसते, आणि ‘सेवा केंद्राकडे जा’ असे सांगितले की दुसऱ्या रांगेत पुन्हा पंधरा मिनिटे जातात. ज्यांचा महिना सुखाने निघतो, त्यांचे गप्प राहणे समजू शकते. परंतु हाच चुकीचा भाव त्याच दिवशी त्याच दुकानात निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजोबांना लागतो, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजींना लागतो, घरकाम करून आठवड्याचा बाजार नेणाऱ्या बाईलाही लागतो. संगणकात चुकलेला आकडा माणूस पाहून बदलत नाही. तो सुधारेपर्यंत प्रत्येक बिलात उतरतो. समजा, एका पुड्यामागे ५ रुपये जास्त लागले आणि दिवसाला २०० पुडे विकले गेले, तर एका दिवसात हजार रुपये अशा लोकांच्या खिशातून गेले, ज्यांतील एकालाही ते ठाऊक नाही. आपण बोललो, तर आपल्या पाच रुपयांबरोबर पुढच्या शंभर जणांचेही वाचतात.

बोलताना मात्र एक विवेक राखावा. समोर बसलेली मुलगी भाव ठरवत नाही, यादी भरत नाही आणि पाटीही लावत नाही. आठ-दहा तास उभे राहून ती केवळ पुडे सरकवते. काही ठिकाणी संध्याकाळी गल्ल्यात तूट आली तर ती तिच्या पगारातून वळती होते. आपला राग तिच्यावर काढणे म्हणजे ज्याच्याकडून चूक झाली त्याला सोडून ज्याच्यावर ती लादली गेली त्याला दंड करणे होय. वचनाची हिंसाही हिंसाच आहे. ‘ताई, फळीवर हा भाव लिहिला आहे, जरा व्यवस्थापकांना बोलावता का?’ एवढे वाक्य पुरेसे असते.

खोटे माप, नव्या रूपात

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. हा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य आहे. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे आणि राज्याचे नियम मोडणे यांच्या जोडीला दोन दोष थेट दुकानातील आहेत: हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एक दाखवून दुसरे देणे. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमण करताना श्रावक वंदित्तु सूत्रात खोट्या तराजूची आणि खोट्या मापाची आलोचना करतो. ही सूत्रे रचली गेली तेव्हा तराजू होते, पायली होती, शेर होता. बारकोड नव्हता. दोषाचे वर्णन मात्र इतके नेमके आहे, की फळीवर एक भाव आणि बिलात दुसरा, याला त्याखेरीज वेगळे नाव शोधावे लागत नाही.

‘आम्ही मुद्दाम केले नाही, संगणकाने केले’ असे कोणी म्हणेल. तराजूची दांडी झिजून एका बाजूला झुकली, तरी तीही मुद्दाम झुकवलेली नसते. पण ती झुकली आहे हे तपासणे हे तराजूच्या धन्याचे काम होते. म्हणून तर वजनमापांवर ठरावीक मुदतीने शिक्के मारून घेण्याची पद्धत पडली. प्रमाद हाही कर्मबंधाचे कारण मानणाऱ्या धर्माने बेसावधपणाला कधीच निर्दोष म्हटलेले नाही.

आता ती दुसरी बाजू. बिलात एखादी वस्तू राहून गेली, हजाराच्या वस्तूला शंभर लागले, सुट्या पैशांत पन्नासची नोट जास्त आली. गाडीत बसल्यावर हे लक्षात येते आणि घरात हशा पिकतो: ‘एवढे मोठे दुकान, त्यांना काय फरक पडतो!’ न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान, ही आपल्याकडची चोरीची व्याख्या आहे. दुकान मोठे की लहान, हा विचार त्या व्याख्येत कोठेही नाही. आणि वर पाहिल्याप्रमाणे त्या संध्याकाळी गल्ल्यात पडलेली तूट मालकाच्या नव्हे, तर त्या मुलीच्या खात्यात जाण्याचा संभव असतो. जास्त लागलेले चार रुपये परत मागण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने कमी लागलेले चाळीस परत करण्याची सवय आधी लावून घ्यावी. मुले हे पाहत असतात. पाठशाळेतील व्रतांच्या यादीपेक्षा दुकानाकडे परत वळलेली गाडी त्यांना अधिक शिकवते.

मुंबईत जवाहिरांचा व्यापार केलेल्या श्रीमद राजचंद्रांविषयी परंपरेने एक प्रसंग सांगितला जातो. एका व्यापाऱ्याने ठरल्या भावाने हिरे देण्याचा करार केला, मुदतीपूर्वी बाजार चढला आणि करार पाळला तर तो व्यापारी बुडणार हे दिसू लागले. तेव्हा श्रीमदांनी करारपत्रच फाडून टाकले. कायद्याने तो नफा त्यांचा होता. आपल्यापैकी प्रत्येकाकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा कोणी करत नाही. परंतु समोरच्याच्या अडचणीतून आलेला पैसा आपल्या खात्यात बसत नाही, ही त्यामागची दृष्टी चाळीस रुपयांच्या बिलालाही लागू पडते.

दुकान चालवणाऱ्यांसाठी

आपल्यातील जी कुटुंबे अशी दुकाने चालवतात, त्यांच्यासाठी काही सूचना. यांपैकी एकीलाही मोठा खर्च नाही.

योजना संपण्याच्या रात्रीच, दुकान बंद करताना, तिच्या पाट्या उतरवाव्यात. सकाळवर टाकू नये. रोज वेगवेगळ्या फळ्यांवरून वीस वस्तू उचलून त्यांचा छापील भाव, चिठ्ठीवरचा भाव आणि यंत्रावर येणारा भाव ताडून पाहावा आणि फरक वहीत लिहावा. महिनाभरात चूक कोणत्या टप्प्यावर होते ते आपोआप दिसेल. एका क्रमांकाखाली दोन छापील किमती असतील तर जुना माल संपेपर्यंत तो वेगळा मांडावा. सवलतीच्या पाटीवर कोणत्या वजनाला, कोणत्या प्रकाराला आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे भावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. बिलाचा पडदा ग्राहकाच्या बाजूला वळवलेला असावा. गल्ल्यातील प्रामाणिक चूक कामगाराच्या पगारातून कापू नये. ज्याला चुकीची शिक्षा होते तो चूक लपवायला शिकतो.

शेवटची सूचना थोडी धाडसाची आहे. कॅनडातील किरकोळ व्यापाऱ्यांनी २००२ साली स्वेच्छेने एक संहिता स्वीकारली: फळीवरच्या भावापेक्षा यंत्राने जास्त भाव लावला, तर दहा डॉलरपर्यंतची वस्तू ग्राहकाला फुकट द्यायची आणि वस्तू त्याहून महाग असेल तर दहा डॉलर कमी घ्यायचे. सरकारने सक्ती केलेली नव्हती. या एका नियमाने प्रत्येक ग्राहक दुकानाचा बिनपगारी तपासनीस झाला आणि चूक दुरुस्त करण्याची घाई मालकाला झाली. ‘आमच्या बिलात भाव जास्त लागला, तर ती वस्तू आमच्याकडून भेट’ अशी पाटी आपल्या एखाद्या बांधवाने लावून पाहावी. वर्षभरात द्यावी लागलेली रक्कम आणि त्या पाटीने मिळवलेली पत, दोन्ही वहीत समोरासमोर मांडावीत.

खरेदी करणाऱ्यांसाठी

सवलतीच्या पाटीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. जास्त सामान असेल तर सवलतीच्या वस्तू वेगळ्या ठेवून शेवटी यंत्रापुढे द्याव्यात. त्यांच्या ओळी बिलाच्या तळाशी एकत्र येतात आणि तपासायला सोप्या जातात. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी, रांगेतून बाजूला होऊन, चार गोष्टी पाहाव्यात: वस्तूंची संख्या, सवलतीच्या ओळी, दोनदा आलेली ओळ आणि न मागितलेली वस्तू. यास दोन मिनिटे लागतात. पर्युषणानंतरचे पारणे, नवरात्र, दिवाळी अशी खरेदी एकामागून एक येते, तेव्हा हे काम घरातील शाळकरी मुलांकडे सोपवावे. त्यांचे गणितही पक्के होईल.

बिल कधीही टाकून देऊ नये आणि बिलाशिवाय माल घेऊ नये. दुकानदाराने दुरुस्ती नाकारली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी किंवा वजनातील घट असेल तर वैध मापन शास्त्र विभागाकडे जावे. प्रश्न तेथेही सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही आणि वकील लावण्याचे बंधन नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. महाराष्ट्रात संघटित ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आणि शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचे सामान एकत्र मागवण्याची तिची पद्धत हजारो घरांनी अनुभवली आहे. आपल्या महिला मंडळांना आणि युवक मंडळांना त्यातून पुष्कळ घेता येईल.

मंडळांनी पुढच्या महिन्यात एक छोटा उपक्रम करून पाहावा. प्रत्येक सदस्याने आपले एक बिल ताडून पाहावे आणि सभेला येताना दोन आकडे आणावेत: किती रुपये जास्त लागले आणि किती रुपये कमी लागले. पहिल्या आकड्याचे काय करायचे, ते दुकानदाराशी बोलून ठरवता येईल. दुसरा आकडा ज्याचा त्याने, सभेनंतर घरी जाण्यापूर्वी, दुकानात जाऊन परत करावा.